दोनशे निबंध म्हणजे नेमके काय?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरे

या खेपेला आलेल्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा दिसला. रक्तविकार किंवा रोगप्रतिकारशास्त्रात काम करणाऱ्या संशोधकाची निबंधसूची समोर आली, तर तिच्यावरून काय समजायचे? विचारणाऱ्यांत विद्यार्थी आहेत, तरुण संशोधक आहेत आणि रुग्णांचे नातेवाईकही आहेत. एका धाग्यातली ही पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : एका संशोधकाच्या परिचयात '२००हून अधिक शोधनिबंध' असे लिहिले आहे. पबमेडवर त्याच नावाने ३४० निघतात आणि गूगल स्कॉलर ४१५ दाखवते. यातला खरा आकडा कोणता?

तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात, कारण तिन्ही ठिकाणी मोजायच्या वस्तूच वेगळ्या आहेत. गूगल स्कॉलर यंत्राने गोळा करतो. त्यात परिषदेतले सारांश, प्रबंध, पुस्तकातली प्रकरणे आणि प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीच खुले केलेले मसुदे, येतात, कधी एकच निबंध दोनदाही येतो. पबमेड ही अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची सूची आहे आणि १९९६पासून ती सर्वांना खुली आहे. तिथे प्रामुख्याने जीववैद्यकीय नियतकालिकांतले लेखन असते. पण नुसते आडनाव आणि आद्याक्षर टाकले, तर त्या नावाची सगळी माणसे एका रांगेत उभी राहतात. ३४० हा आकडा बहुधा तिथून आला असावा.

सूची स्वच्छ करायला साधारण अर्धा तास लागतो. पबमेडच्या प्रगत शोधात 'लेखक' हा रकाना निवडा आणि पूर्ण नाव टाका. मग तोच शोध आडनाव आणि आद्याक्षरांनी करा. पहिल्या शोधावर विसंबून राहू नका, कारण पबमेडमध्ये पूर्ण नावाने शोध साधारण २००२नंतरच्या निबंधांनाच लागू पडतो. त्याआधीच्या नोंदींत फक्त आद्याक्षरे आहेत. त्यानंतर संस्थेचे नाव जोडून पाहा. इथेही एक खड्डा आहे. १९८८ ते २०१३ या काळात पबमेडच्या नोंदीत फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता ठेवला जाई, सगळ्या लेखकांचे पत्ते २०१४पासून येऊ लागले. त्यामुळे संस्थेच्या नावाने शोधताना संशोधकाचे जुने निबंध, ज्यांत तो मधला किंवा शेवटचा लेखक होता, हातातून निसटतात. विभागाचे नाव शोधत असाल तर हिमॅटॉलॉजीची ब्रिटिश आणि अमेरिकी, दोन्ही स्पेलिंगे वापरा.

आता निकाल सर्वांत जुन्या वर्षापासून लावा आणि वरून खाली वाचत या. माणसाचे काम सलग असते. विद्यार्थीदशेतला एखादा विषय, मग एखादी प्रयोगपद्धत, मग तिच्यातून उगवलेले प्रश्न. थॅलॅसेमियावरच्या निबंधांच्या रांगेत अचानक दातांच्या रोपणावरचा निबंध आला, तर तो बहुधा नावबंधूचा असतो. शंका राहिली तर ऑर्सिड क्रमांक पाहा. २०१२पासून संशोधकांना मिळणारी ही सोळा अंकांची ओळख आहे, चार-चारच्या गटांत लिहिलेली. शेवटच्या जागी कधीकधी एक्स असतो, तो तपासणीचा अंक असतो आणि चूक नसते. मात्र ऑर्सिडचे पान बऱ्याच अंशी संशोधक स्वतः भरतो. पान रिकामे असले म्हणून काम नाही, असे समजू नका.

उरलेल्या नोंदी प्रकारानुसार वेगळ्या करा : मूळ संशोधन, आढावा, रुग्णवृत्तांत, संपादकाला पत्र, मार्गदर्शक सूचना, शुद्धिपत्र. एक प्रकार मात्र नजरेतून हमखास सुटतो. मोठ्या बहुकेंद्री चाचण्यांत शेकडो डॉक्टर 'सहभागी संशोधक' असतात. पबमेड त्यांची नावे लेखकांच्या ओळीत न ठेवता खाली स्वतंत्र यादीत देते, पण नावाने शोधले की तो निबंध कधीकधी निकालात येतो. रुग्ण नोंदवणे हे मोलाचे काम आहेच, तरी ते लेखकत्व नव्हे. हे वेगळे केले की परिचयातला २००चा आकडा कुठून आला, ते आपोआप उलगडते.

प्रश्न : लेखकांच्या क्रमाला खरोखर इतका अर्थ असतो का?

जीववैद्यकात असतो. पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि पहिला मसुदा लिहिणाऱ्याचे असते. शेवटचे नाव प्रयोगशाळा चालवणाऱ्याचे असते, म्हणजे प्रश्न, निधी आणि जबाबदारी ज्याची आहे त्याचे. पत्रव्यवहाराचा लेखक चिन्हाने दाखवतात. 'समान योगदान' अशी तळटीप असेल, तर पहिली दोन किंवा तीन नावे एकाच पायरीवर समजा. गणितात आणि अर्थशास्त्रात अनेकदा वर्णानुक्रम चालतो, तिथला नियम इथे आणू नका.

कारकीर्द पुढे सरकते तसे नाव पहिल्या जागेवरून शेवटच्या जागेकडे जाताना दिसले पाहिजे. वीस वर्षे नाव मधेच असेल, तर लगेच नाक मुरडू नका. तो माणूस संख्याशास्त्रज्ञ असू शकतो. फ्लो सायटोमेट्रीची, म्हणजे लेझरने एकेक पेशी तपासून मोजणाऱ्या तंत्राची, सामाईक सुविधा सांभाळणारा असू शकतो, आणि त्याच्याशिवाय त्यातला एकही निबंध उभा राहिला नसता. अनेक नियतकालिके आता चौदा प्रकारच्या भूमिकांत प्रत्येकाचे योगदान छापतात : कल्पना, पद्धत, विश्लेषण, निधी, लेखन वगैरे. निबंधाच्या शेवटी तो परिच्छेद शोधा, नावांच्या क्रमापेक्षा तो जास्त बोलतो.

वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाला चार अटी घातल्या आहेत : आखणी, माहिती जमवणे किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा; मसुदा लिहिणे किंवा त्याची गंभीर तपासणी; अंतिम प्रतीला संमती; आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. चारही पूर्ण व्हायला हव्यात. निधी आणून दिला, खोली दिली, नमुने पाठवले, एवढ्यावर लेखकत्व मिळत नाही, आभारांत जागा मिळते.

प्रश्न : एच-निर्देशांक ६ आणि ६० यांत दहापट फरक म्हणायचा का?

मुळीच नाही. हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५मध्ये सुचवला. तो काढायचा असा : सगळे निबंध, उल्लेखांची संख्या उतरत्या क्रमाने लावून, ओळीत मांडा. समजा उल्लेख ६०, ४१, २२, ९, ७, ६, ३ आणि १ असे आहेत. सहाव्या निबंधाला ६ उल्लेख आहेत, सातव्याला ३च. म्हणून निर्देशांक ६. आता पहिल्या निबंधाचे उल्लेख ६०वरून ६००० झाले, तरी निर्देशांक ६च राहतो. तो कधी खाली येत नाही, त्यामुळे काम थांबवलेल्या माणसाचाही वाढत राहू शकतो. स्वतःच स्वतःचा उल्लेख केला, तर तोही धरला जातो, मुद्दाम वगळला नसेल तर. आणि एकाच माणसाचा निर्देशांक गूगल स्कॉलरवर एक, स्कोपस या उल्लेखसूचीवर दुसरा निघतो, कारण दोघांच्या टोपल्या वेगळ्या आहेत. आकडा सांगताना कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला, हे सांगितलेच पाहिजे.

आमच्या दोन क्षेत्रांत तर तुलना आणखी अवघड आहे. रोगप्रतिकारशास्त्र विस्तीर्ण आहे, कर्करोगापासून सांधेदुखीपर्यंत सगळे त्याचा उल्लेख करतात. ग्लॅन्झमन थ्रॉम्बॅस्थेनियासारख्या दुर्मीळ रक्तविकारावर आयुष्य घालवणाऱ्याचे वाचकच मोजके. मार्गदर्शक सूचनांच्या निबंधाला आणि आढाव्याला भरमसाठ उल्लेख मिळतात, कारण प्रस्तावनेत ते टाकणे सोयीचे असते. म्हणून वरचे पाच निबंध उघडून ते कोणत्या प्रकारचे आहेत, ते आधी बघा.

नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टरही असाच गैरवापरला जातो. आधीच्या दोन वर्षांतल्या लेखनाला चालू वर्षी सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढेच तो सांगतो. तो नियतकालिकाचा आकडा आहे. त्यातल्या एका निबंधाला किंवा एका माणसाला तो चिकटवू नये, असे सॅन फ्रान्सिस्कोत २०१२मध्ये तयार झालेल्या जाहीरनाम्याने स्पष्ट म्हटले आहे.

रक्तगटांचे उदाहरण मनात ठेवण्यासारखे आहे. एका माणसाचे रक्तद्रव दुसऱ्या निरोगी माणसाच्या तांबड्या पेशींच्या गुठळ्या करते, हे कार्ल लँडस्टायनर यांनी १९००च्या एका निबंधात तळटिपेत नोंदवले. सविस्तर निबंध १९०१मध्ये आला आणि त्यात तीन गट होते. चौथा, म्हणजे एबी, १९०२मध्ये डेकास्टेलो आणि स्टुर्ली यांनी दाखवला. लँडस्टायनर यांना नोबेल मिळाले १९३०मध्ये. आर-एच घटकाचा निबंध वीनर यांच्याबरोबर १९४०चा. चाळीस वर्षे एकच प्रश्न वेगवेगळ्या बाजूंनी धरून ठेवलेला दिसतो : शरीर 'आपले' आणि 'परके' रसायनाच्या पातळीवर कसे ओळखते? सूचीत शोधायचा असतो तो हा धागा. कुठलाही निर्देशांक तो दाखवत नाही.

प्रश्न : पदव्युत्तर वर्गातल्या जर्नल क्लबसाठी मला एका संशोधकाचे तीन निबंध मांडायचे आहेत. तिन्हींत 'रुग्णांत टी-पेशी कमी आढळल्या' असा निष्कर्ष आहे. पद्धतीच्या भागात नेमके काय तपासू?

हा प्रश्न आला याचा फार आनंद झाला, कारण सूचीचा कस पद्धतीच्या भागातच लागतो.

पहिली गोष्ट, नळी. रक्त कोणत्या नळीत घेतले? पेशी मोजायला आणि त्यांच्या पृष्ठभागावरच्या खुणा पाहायला ईडीटीए हे रक्त गोठू न देणारे रसायन चालते. पेशी वाढवून त्यांचे कार्य पाहायचे असेल तर हेपॅरिन हे दुसरे गोठणरोधक घेतात, कारण ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवते आणि टी-पेशींना उत्तेजित होण्यासाठी कॅल्शियम लागते. पण हेपॅरिन पीसीआरमध्ये अडथळा आणते. एकाच नळीतून सगळे केले असे लिहिले असेल तर थांबा. निबंधात प्लेटलेट कमी असल्याचा दावा असेल, तर ईडीटीएमुळे काही जणांच्या प्लेटलेट गुठळ्या होतात आणि यंत्र त्या मोजतच नाही, हेही लक्षात ठेवा. काचपट्टी पाहिली होती का, किंवा सायट्रेटच्या नळीत फेरमोजणी केली होती का, हे शोधा. सायट्रेटमधला आकडा १.१ने गुणावा लागतो, कारण नळीत आधीच द्रव असतो.

दुसरी गोष्ट, वेळ. रक्त काढल्यापासून रंगवेपर्यंत किती तास गेले? रुग्णांचे नमुने ताजे आणि निरोगी गटाचे गोठवून ठेवलेले, असा प्रकार आढळला तर दिसणारा फरक आजाराचा आहे की फ्रीझरचा, हे सांगता येत नाही. सीडी६२एलसारखी खूण गोठवून वितळवल्यावर पेशींवरून गळून पडते. नाइव्ह (जंतूला अजून न भेटलेल्या) आणि मेमरी (भेटून गेलेल्या) पेशींची वाटणी त्या खुणेवर केली असेल तर सगळा हिशेब चुकतो.

तिसरी गोष्ट, टक्के की संख्या. तुमच्या तिन्ही निबंधांत मी सर्वांत आधी हेच बघेन. निरोगी माणसात पांढऱ्या पेशी ६०००, त्यांतल्या लिम्फोसाइट (टी-पेशी याच गटातल्या) ३० टक्के, म्हणजे १८००. रुग्णाला जंतुसंसर्ग आहे, पांढऱ्या पेशी १२,००० झाल्या, लिम्फोसाइट १५ टक्के. म्हणजे पुन्हा १८००च. न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणून लिम्फोसाइटचे प्रमाण निम्मे दिसले, प्रत्यक्षात एकही पेशी कमी झाली नाही. 'टी-पेशी घटल्या' हे वाक्य लिहायला दर मायक्रोलिटरची संख्या हवी. शिवाय रुग्णाला स्टिरॉइड चालू होते का, हे पाहा. स्टिरॉइडने काही तासांतच लिम्फोसाइट रक्तातून बाहेर सरकतात आणि न्यूट्रोफिल वर जातात.

चौथी, पेशी वेगळ्या कशा केल्या? १.०७७ घनतेच्या फायकोल या द्रवावर रक्त ठेवून फिरवले की लिम्फोसाइट आणि मोनोसाइट मधल्या धूसर थरात राहतात, न्यूट्रोफिल तांबड्या पेशींबरोबर तळाला जातात. अशा थरातून 'न्यूट्रोफिल' अभ्यासले असतील, तर ते नेहमीचे नव्हेत, कमी घनतेचे आहेत. निबंधाने तसे म्हटले पाहिजे.

पाचवी, गेटिंगची, म्हणजे कोणत्या पेशी मोजायच्या ते आखून घेण्याची, चित्रे. जोडून आलेल्या पेशी वगळल्या का? मेलेल्या पेशी वेगळ्या रंगाने काढल्या का? मृत पेशी कुठल्याही प्रतिपिंडाला चिकटून घेतात आणि खोटा उजेड देतात. सीमारेषा कुठून आखली, म्हणजे एक रंग सोडून बाकी सगळे रंग घातलेला नियंत्रण नमुना होता का? फ्लो सायटोमेट्रीच्या निबंधात किमान काय छापावे, याची यादी २००८पासून उपलब्ध आहे. त्यात प्रतिपिंडाचा क्लोन (नेमका वाण), रंग, यंत्र आणि गेटिंग हे सगळे येते. क्लोनच लिहिलेला नसेल तर दुसऱ्या प्रयोगशाळेने तो प्रयोग करायचा कसा?

ल्युकेमियात उपचारांनंतर उरलेल्या सूक्ष्म रोगाची तपासणी, म्हणजे एमआरडी, या निबंधांत असेल, तर एक छोटे गणित जरूर करा. 'एक लाखात एक पेशी इतक्या संवेदनशीलतेने निगेटिव्ह' असा दावा आहे. आजारी पेशींचा खरा पुंजका म्हणायला किमान २० ठिपके धरले, तर यंत्रातून २० लाख पेशी गेल्या पाहिजेत. पुरवणी तक्त्यात दर नमुन्यात २ लाख पेशी मोजल्याचे लिहिले असेल, तर एक लाखात एक या पातळीला फक्त २ ठिपके मिळतील, आणि दोन ठिपके कचऱ्यापासून वेगळे ओळखता येत नाहीत. त्या निबंधाची खरी मर्यादा दहा हजारांत एक आहे. आणखी एक बारीक मुद्दा : अस्थिमज्जेचा पहिला ओढा एमआरडीसाठी वापरला का? पुढच्या ओढ्यांत रक्त मिसळत जाते आणि आजार आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

गोठण्याच्या चाचण्यांवरचा निबंध हाती आलाच, तर सायट्रेट ३.२ टक्क्यांचे आणि नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट आहे का, हे पाहा. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५५ टक्क्यांच्या वर असेल तर प्लाझ्मा कमी पडतो, सायट्रेट जास्त होते आणि गोठण्याची वेळ खोटीच लांबते. पॉलिसायथेमियाच्या, म्हणजे तांबड्या पेशी अती वाढलेल्या, रुग्णांवरच्या निबंधात नळीतले सायट्रेट कमी केल्याचा उल्लेख नसेल, तर मी ते आकडे मानणार नाही.

तिन्ही निबंध कालक्रमाने मांडा. पहिल्यात टक्के, दुसऱ्यात संख्या, तिसऱ्यात दुसऱ्या केंद्रातल्या रुग्णांवर पडताळणी, असे दिसले तर वर्गाला ते आवर्जून दाखवा. चांगला संशोधक स्वतःच्या आधीच्या निबंधातली फट स्वतः बुजवत जातो.

प्रश्न : 'ब्लड' या नियतकालिकात ३० प्रकाशने, असे एका परिचयात आहे. त्यातली बरीच 'सप्लिमेंट १' अशी दिसतात. हे काय असते?

ते परिषदेतले सारांश आहेत. अमेरिकन सोसायटी ऑफ हिमॅटॉलॉजीची वार्षिक परिषद डिसेंबरमध्ये भरते आणि तिथे स्वीकारलेले सारांश 'ब्लड'च्या पुरवणीत छापतात. त्यांची निवड होते, पण पूर्ण निबंधासारखी समीक्षा होत नाही. सारांश परिषदेच्या काही महिने आधी पाठवलेला असतो, त्यामुळे त्यातली रुग्णांची माहिती अर्धी असते. पबमेड हे सारांश धरत नाही, गूगल स्कॉलर धरतो. तुमच्या ३०पैकी पूर्ण निबंध किती, हे पबमेडवर दोन मिनिटांत कळेल.

सारांश वाईट नव्हेत. नवे औषध काम करते का, याची पहिली कुणकुण तिथेच लागते. पण तीन वर्षे झाली आणि पूर्ण निबंध आलाच नाही, तर का आला नाही, हा प्रश्न विचारावा. चाचणी नोंदवलेली असेल तर तिचा क्रमांक सारांशाखाली असतो. तो क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्हवर टाका आणि सुरुवातीला ठरवलेला मुख्य निकष व छापलेला मुख्य निकष एकच आहे का, ते ताडून पाहा. मध्येच निकष बदललेला दिसला तर निबंधात त्याचे कारण सापडले पाहिजे.

प्रश्न : एखाद्या संशोधकाचा निबंध मागे घेतला गेला असेल तर त्याच्या बाकीच्या कामावर विश्वास ठेवावा का?

मागे घेतल्याची सूचना पूर्ण वाचल्याशिवाय मत बनवू नका. कोणी मागे घेतला, लेखकांनी की संपादकांनी? कारण काय लिहिले आहे? रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासात पेशीवाण, म्हणजे प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशी, वापरतात आणि एक वाण दुसऱ्यात मिसळून जाणे ही जुनी दुखरी जागा आहे. वर्षानुवर्षे 'अमुक लिम्फोमा' म्हणून वाढवलेली पेशी डीएनएच्या तपासणीत वेगळीच निघाली, हे अनेकदा घडले आहे. हे लक्षात येताच लेखकांनी स्वतःहून निबंध मागे घेतला, तर मी त्यांचा पुढचा निबंध अधिक विश्वासाने वाचेन. उलट, प्रथिनांच्या तपासणीतले एकच पट्टीचे चित्र तीन निबंधांत तीन प्रथिनांच्या नावाने आले असेल, तर त्या गटाचे सगळेच काम पुन्हा तपासावे लागते.

आरोप म्हणजे निकाल नव्हे, हे रोगप्रतिकारशास्त्राने फार महाग शिकून घेतले आहे. १९८६मध्ये 'सेल'मध्ये उंदरांतल्या प्रतिपिंडांच्या जनुकांवर एक निबंध आला. लेखकांत थेरेझा इमानिशी-कारी आणि नोबेल मिळालेले डेव्हिड बाल्टिमोर होते. इमानिशी-कारी यांच्याच प्रयोगशाळेतल्या मार्गोट ओ'टूल यांनी नोंदींबद्दल शंका घेतली. चौकशा झाल्या, १९९१मध्ये निबंध मागे घेतला गेला, इमानिशी-कारी यांच्यावर ठपका आला. आणि १९९६मध्ये अपील मंडळाने त्यांना सर्व आरोपांतून मुक्त केले. मधली दहा वर्षे कोणी परत देऊ शकले नाही.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मागे घेतलेला नाही म्हणून निबंध बरोबर, असेही नाही. १९८८मध्ये 'नेचर'मध्ये जाक बँव्हनिस्त यांच्या गटाने लिहिले की आयजीई (अॅलर्जीतले प्रतिपिंड) याच्याविरोधी प्रतिपिंड इतके पातळ केले, की त्यात एकही रेणू उरू नये, तरी रक्तातल्या बेसोफिल या पांढऱ्या पेशी प्रतिसाद देतात. संपादक जॉन मॅडॉक्स यांनी प्रयोग पाहायला येण्याच्या अटीवर तो छापला होता. पाहणी झाली. कोणत्या नळीत काय आहे हे मोजणाऱ्याला माहीत नसताना परिणाम नाहीसा झाला. पाहणीचा अहवाल 'नेचर'नेच छापला, मूळ निबंध मात्र आजही मागे घेतलेला नाही. डोळ्यांनी बेसोफिल मोजताना मोजणाऱ्याला नळीची ओळख माहीत असली, की हात नकळत झुकतो. म्हणून अशा निबंधात 'मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता' हे वाक्य शोधायचेच.

शोधायला : पबमेडच्या नोंदीवर मागे घेतल्याची पट्टी ठळक दिसते. रिट्रॅक्शन वॉचचा संग्रह २०२३पासून क्रॉसरेफकडे आहे आणि सर्वांना खुला आहे. शुद्धिपत्र आणि 'चिंता व्यक्त करणारी सूचना' या मागे घेण्यापेक्षा वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र मोजू नका.

प्रश्न : माझ्या मुलाला अप्लास्टिक अॅनिमिया आहे. डॉक्टर निवडताना ज्यांचे निबंध जास्त त्यांच्याकडे जावे का?

ताई, निबंधांवरून एवढेच कळते की त्या डॉक्टरांनी या आजाराचा विचार केला आहे आणि तो लिहून दुसऱ्यांसमोर ठेवला आहे. ते तुमच्या मुलाला किती वेळ देतील, त्यांच्या वॉर्डात जंतुसंसर्ग किती सांभाळला जातो, हे निबंधात नसते. सूची पाहायचीच असेल तर गेल्या पाच वर्षांत या आजारावर किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपणावर त्यांच्याच केंद्रातल्या रुग्णांचे काही लिहिले आहे का, तेवढे पाहा. मग भेटीत थेट विचारा : वर्षाला असे किती रुग्ण तुमच्याकडे येतात, भावंडांची एचएलए (ऊतींचा मेळ पाहणारी) तपासणी कधी करायची, जुळणारा दाता नसेल तर एटीजी आणि सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा उपचार इथे होतो का, रात्री ताप आला तर कोणाला फोन करायचा. हे प्रश्न ऐकून चांगले डॉक्टर कधीच रागावत नाहीत.

आणि हे आज लक्षात ठेवा. न्यूट्रोफिल ५००च्या खाली असतील आणि ताप आला, तर ती तातडीची वेळ आहे. कागद चाळत बसू नका, घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात न्या.

प्रश्न : 'आपला अमूल्य लेख पाठवा, सात दिवसांत प्रकाशित करू' अशी ईमेल रोज येतात. त्यातल्या एखाद्या ठिकाणी रुग्णवृत्तांत दिला तर बिघडते काय?

बिघडते. सात दिवसांत समीक्षा होत नाही, पैसे घेतले जातात आणि तोच वृत्तांत पुन्हा दुसरीकडे देता येत नाही. नाव खात्रीने तपासा : खुल्या नियतकालिकांच्या डीओएजे सूचीत आहे का, संपादकांपैकी दोघांच्या संस्थेच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख आहे का, मागचे दोन अंक वाचवतात का. 'पबमेडमध्ये आहे' एवढ्याने भागत नाही. पबमेडमध्ये काही लेख निधी देणाऱ्या संस्थेच्या नियमामुळे एकेकटे येतात, पण मेडलाइन या पबमेडमधल्या निवडक सूचीसाठी नियतकालिक निवडले जाते ते वेगळे.

रुग्णवृत्तांताला कमी लेखू नका. दुर्मीळ रक्तविकारात नव्या औषधाचा पहिला दुष्परिणाम बहुतेक वेळा एका रुग्णाच्या वृत्तांतातूनच समोर येतो. रुग्णाची लेखी संमती घ्या, तारखांसह प्रयोगशाळेचे आकडे एककांसकट द्या आणि स्मीअरचे चित्र किती पट मोठे केले ते लिहा.

प्रश्न : पीएच.डी. संपत आली आहे. माझी स्वतःची सूची कशी मांडू?

नाव एकाच रूपात ठरवा आणि पहिल्या निबंधापासून तेच ठेवा. लग्नानंतर किंवा अन्य कारणाने बदललेच, तर ऑर्सिडमध्ये दोन्ही नोंदवा. सूचीचे वेगवेगळे भाग करा : समीक्षित मूळ निबंध, आढावे, रुग्णवृत्तांत, प्रीप्रिंट, परिषदेतले सारांश. एकाच कामाचा सारांश, प्रीप्रिंट आणि निबंध असेल तर निबंधाच्या नोंदीखालीच बाकी दोन्ही लिहा, तीन वेगळे क्रमांक देऊ नका. सर्व लेखक मूळ क्रमाने लिहा, आपले नाव ठळक करा, समान योगदान असेल तर चिन्ह द्या. डीओआय, म्हणजे निबंधाचा कायमचा ओळख क्रमांक, प्रत्येकाला हवा. 'स्वीकृत' हा शब्द स्वीकृतीचे पत्र हातात असेल तरच वापरा. पाठवलेला पण न स्वीकारलेला निबंध असेल, तर नियतकालिकाचे नाव न घालता फक्त 'समीक्षेसाठी सादर' लिहा.

प्रत्येक मूळ निबंधाखाली एक ओळ आपल्या वाट्याची लिहा : '१२ रंगांचे पॅनल बसवले, ४६ नमुने स्वतः चालवले, गेटिंग आणि पहिला मसुदा'. मुलाखतीत पहिला प्रश्न यावरच येतो. फ्लो सायटोमेट्रीच्या कच्च्या एफसीएस फायली सार्वजनिक भांडारात ठेवल्या असतील तर तो क्रमांकही इथेच द्या. निबंधात नंतर चूक सापडून शुद्धिपत्र निघाले असेल, तर तेही त्याच नोंदीखाली ठेवा. निवड समितीतले जाणकार तो कागद मुद्दाम उघडून पाहतात.